तकरार आणि तक्रार

चादरवाला: काल गुरुजींनी इथं लिहिलं, "निवासी मदरशात लहान पोरं मोठ्या पोरांच्या हवाली करतात, ही उस्तादांची कामचुकारी." रात्रभर डोक्यातनं गेलं नाही. मी हिफ्ज केलंय, म्हणजे अख्खं कुराण पाठ. नवा सबक (धडा) उस्ताद ऐकतात, पण मागचे पारे, म्हणजे कुराणाचे आधी पाठ केलेले भाग, रोज कोण ऐकणार? म्हणून जोडी लावून दौर, म्हणजे उजळणी. गुडघ्याला गुडघा लावून एक म्हणतो, दुसरा ऐकतो. मी चुकलो की माझा जोडीदार बोलायचा नाही, नुसता गुडघा दाबायचा. चारचौघांत लाज न काढता चूक दाखवणं तिथं शिकलो. आज मागावर नव्या पोराकडनं धागा तुटला तरी मी आवाज चढवत नाही.

निवृत्त गुरुजी: गुडघा दाबायचा, छान. आणि मोठ्यांचे पाय कोण दाबायचं?

विजापूर वेसची आपा: गुरुजी बरोबर बोलले. माझा भाऊ ईदला घरी आला तेव्हा सोड्यानं हात फुटलेले. मोठ्यांचे कपडे धुवायचा. म्हणे खिदमत, सेवा! उस्तादांची समजते, पंधरा वर्षांच्या पोराची कसली खिदमत?

का_बे_सोलापूर: का बे, मदरशालाच का धरलंय? मी मराठी बोर्डिंगात दहावीच्या दादांच्या चड्ड्या धुतल्यात. घरची शेंगा चटणी पहिल्याच रात्री लंपास!

दाळे गल्ली: उखळातली का मिक्सरची?

का_बे_सोलापूर: उखळातली! आईनं दोन किलो कुटलेली. एक चमचा मिळाला मला.

दाळे गल्ली: मिक्सरची असती तर कुणी हात लावला नसता.

निवृत्त गुरुजी: इथं चटणीचा धागा नाही.

का_बे_सोलापूर: तोच आहे. ज्याच्या हाती पोरं, त्याच्या हाती डबा.

निवृत्त गुरुजी: कर्मवीरांच्या १९२४ च्या सातारच्या बोर्डिंगातही मुलं राबायची. पण सगळ्या जातींची, एका पंगतीला बसणारी. लहानानं मोठ्याचं धुवायचं, हे त्यात कुठं बसतं?

चादरवाला: तुम्हाला फक्त धुणंच दिसतं. आलिमच्या, म्हणजे धर्मशास्त्र शिकणाऱ्यांच्या, वर्गात रात्री तकरार असते. हुशार पोरगा दिवसाचा धडा बाकीच्यांना परत समजावतो. कच्ची पोरं त्यावरच तरतात.

निवृत्त गुरुजी: अरबीतली तकरार कळली. मराठीतली तक्रार करायची सोय होती का?

चादरवाला: नव्हती.

विजापूर वेसची आपा: भाईजान, तुम्ही कुणाकडनं कपडे धुवून घेतले?

चादरवाला: कपडे नाही. शेवटच्या वर्षी एका लहानग्याकडनं बादल्या भरून घेतल्या. थंडीत, पहाटे फजरच्या नमाजाआधी.

निवृत्त गुरुजी: वा! संस्कार झाले म्हणायचे.

चादरवाला: झालेच. तो पोरगा आता भेटला की मीच आधी सलाम करतो. दौर मात्र बंद करा म्हणाल तर भांडेन.

का_बे_सोलापूर: भांडा. माझे दोन किलो कोण देणार?