सोन्याच्या शिरेचा साठा: सरासरी १३ ग्रॅम धरू का?

रीफवाला: हट्टीसारखी (जि. रायचूर) उभी क्वार्ट्झ शीर, उतार ७०°. ब्लॉक शिरेच्या लांबीत ६० मी., उतारावर ४० मी. ड्राइव्हमधले (शिरेच्या लांबीतल्या बोगद्यातले) तीन चॅनल नमुने (शिरेला आडवी खाच पाडून घेतलेले), खरी जाडी घेऊन: ०.३ मी. – ३० ग्रॅम/टन, १.५ मी. – ३, ०.९ मी. – ६. घनता २.७. साधी सरासरी १३ येते. प्रत (टनामागे सोनं) किती धरायची आणि स्टोपिंगची (शिरेतला माल काढायची) पद्धत कोणती?

मोजपट्टी: १३ विसरा. जाडी × प्रत करून बेरीज घ्या: ९ + ४.५ + ५.४ = १८.९, भागिले २.७ मी. म्हणजे ७ ग्रॅम. सरासरी जाडी ०.९ मी., म्हणून २४०० × ०.९ × २.७ = ५,८३२ टन, सोनं साधारण ४०.८ किलो. तुमच्या १३ ने ७५.८ किलो दिसलं असतं!

आता ०.९ मी. रुंदीत स्टोप (माल काढायची पोकळी) चालवणं अवघड. १.५ मी. काढलंत आणि बाजूचा दगड वांझ असला, तर ९,७२० टन, प्रत ४.२. सोनं तेवढंच, पण वाहतूक आणि दळण जवळपास पावणेदोनपट. कट-ऑफ (काढणं परवडेल अशी किमान प्रत) या ४.२ शी ताडून पाहा, ७ शी नाही.

आणि ६० मीटरला तीन नमुने? दर दीड-दोन मीटरला एक हवा. नाहीतर हे आकडे गणितापुरतेच.

छन्नी: ३० वाला नमुना पुन्हा तपासा. भरड सोन्याचा एखादा कण आला की प्रत फुगते. स्क्रीन फायर अ‍ॅसे (भरड कण चाळून वेगळे तपासायची चाचणी) करून घ्या. चॅनल खणताना ठिसूळ क्वार्ट्झ जास्त गळतो, कठीण भाग कमी येतो. खाच सगळीकडे सारख्या रुंदी-खोलीची ठेवा.

टिंबर: पद्धतीचं. भिंती मजबूत असतील तर श्रिंकेज (फोडलेल्या मालावरच उभं राहून वर फोडत जाणं) चालेल. पण फोडलेला माल फुगतो, म्हणून कामाला जागा राहील एवढाच, साधारण एक तृतीयांश, खाली ओढता येतो. बाकीचा स्टोप संपेपर्यंत अडकतो. सबलेव्हल लाँगहोल (मधल्या पातळ्यांवरून लांब भोकं पाडून फोडणं) स्वस्त, मात्र १५ मी. भोक २% सरकलं तरी टोकाला ३० सेंमी चुकतं. ०.९ मी. शिरेत हा मोठाच घास, म्हणून सबलेव्हल १०–१२ मीटरवरच घ्या. भिंती सैल असतील तर कट-अँड-फिल (एकेक थर काढून ती जागा भरत वर जाणं).

रीफवाला: फार खोल गेल्यावरही हेच?

टिंबर: नाही. कोलारची चँपियन रीफ खाण ३ किमीपेक्षा खोल गेली, तिथे मागे सोडलेल्या पिलरवर (न काढलेल्या दगडी खांबांवर) ताण साठून रॉकबर्स्ट (दगड अचानक स्फोटासारखा फुटणं) व्हायचे. अशा खोलीवर पिलर मागे राहणार नाहीत असा काढणीचा क्रम आधी ठरवा आणि मोकळी जागा लगोलग भरत चला.