मदत हवी आहे: द्राक्षपानांचा डीएनए मशीनवर नीट येत नाही

नमस्कार मंडळी,
पुण्याजवळच्या मांजरी भागातल्या बागांची द्राक्षाची पानं, एका वेळी ९६ नमुने. प्रत्येकी १०० मिग्रॅ पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ३ मिमीच्या स्टीलच्या गोळीने दळतो, सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडून डीएनए सोडवणारं द्रावण) ६५ अंशांवर अर्धा तास ठेवतो आणि ते तसंच मॅग्नेटिक बीडच्या (डीएनए धरणाऱ्या चुंबकीय मण्यांच्या) मशीनला देतो. बीड गुठळ्या होऊन काठाला चिकटतात, डीएनए तपकिरी येतो. शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.७५ (ठीक), पण २६०/२३० फक्त ०.८ (म्हणजे घाण बरीच). बऱ्याच नमुन्यांत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) होत नाही. प्रोग्राममध्ये काय बदलू? याच पानांतून आरएनएही हवाय.

प्रतिसाद १
प्रोग्राम राहू द्या, बिघाड मशीनच्या आधीच आहे. गुठळ्या करणारा बुळबुळीतपणा पॉलिसॅकराइडचा (पानातल्या चिकट शर्करांचा), तपकिरी रंग पॉलिफिनॉलचा (हवेत काळवंडणाऱ्या द्रव्यांचा). आधी डीएनए दहापट पातळ करून पीसीआर लावा. चालला तर डीएनए आहे, अडथळा घाणीचा आहे.

मग पान ५० मिग्रॅवर आणा, तेही शेंड्याजवळचं कोवळं. दळलेली पूड वितळू देऊ नका, वितळली की काळवंडतेच. सीटॅबआधी ०.३५ मोलर सॉर्बिटॉल बफरने धुवा: १ मिली घाला, हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव ओतून टाका. ते चिकट वाटेनासं होईपर्यंत पुन्हा धुवा. द्राक्षाला बहुधा दोनदा लागतं. सीटॅबमध्ये २% पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारं) हवं, बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (काळवंडणं रोखणारं) त्याच दिवशी घाला. नंतर घाण वेगळ्या थरात काढायला २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, तेही फ्यूम हूडमध्ये आणि पॉलिप्रोपिलिनच्या प्लेटमध्येच, पॉलिस्टायरिन विरघळतं. मधल्या पांढऱ्या थराला टिप न लावता वरचे ३०० मायक्रोलिटरच मशीनला द्या.

एसी १८ वर असेल तर सीटॅबची बाटली बघा. तळाशी पांढरा साका दिसला तर कोमट करून विरघळवा, नाहीतर प्रत्येक नमुन्यात सीटॅब वेगळं पडेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. शेवटच्या ८०% इथेनॉलनंतर बीड ५ मिनिटं वाळवा. चकाकी गेली की थांबा. तडे पडेपर्यंत वाळवले तर डीएनए सुटत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात वेळेपेक्षा चकाकीकडे बघा.

आरएनएसाठी मात्र वेगळी प्लेट. क्लोरोफॉर्मनंतरच्या द्रावात ८ मोलर लिथियम क्लोराइड एक-तृतीयांश आकारमानाने घाला (अंतिम २ मोलर), रात्रभर ४ अंशांवर ठेवा. आरएनए खाली बसतो, पॉलिसॅकराइड बरंचसं वरच राहतं. गोळा धुऊन, विरघळवून मगच मशीनवर, आणि डीएनेजची (उरलेला डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची) पायरी बीडवरच घ्या.

प्रश्नकर्ता
आभार. दहापट पातळ केल्यावर पीसीआर झाला. आता सॉर्बिटॉलने धुऊन आठच नमुने लावतो.