पदवीनंतर एक वर्ष मठ-मिशनला: द्यावं की नाही?

पारसिककर (धागाकर्ता):

मेमध्ये सहाव्या सेमिस्टरचे पेपर संपतात आणि ठाणे-नवी मुंबईतल्या पोरांपुढे तेच तीन रस्ते येतात: मिळेल ती नोकरी, एमबीएची सीईटी, नाहीतर स्पर्धा परीक्षेचा क्लास. एखाद्या मठात, मिशनमध्ये, गुरुद्वारात किंवा चर्चच्या संस्थेत वर्षभर पूर्णवेळ सेवा करतो असं कोणी म्हटलं, तर घरात पहिला प्रश्न, "डोकं फिरलंय का?"

माझं मत: द्यावं वर्ष. आणि माझा मुद्दा भक्तीचा कमी, हजेरीचा जास्त आहे.

खारघरचं ॲक्ट्रेक घ्या. टाटा मेमोरियलच्या या कॅन्सर केंद्रात देशभरातून पेशंट येतात. रेडिएशन म्हणजे बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज, असे पाच-सहा आठवडे. म्हणजे बिहारहून आलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला दीड महिना खोली हवी, दोन वेळचं जेवण हवं, तेही एकही दिवस न चुकता. शनिवार-रविवारच्या स्वयंसेवकांचं इथे काही चालत नाही. पावसात ट्रान्स-हार्बर लोकल रखडली की ते येत नाहीत, गणपतीत गावी जातात, मार्चमध्ये इयर-एंडिंगला अडकतात. ज्याने वर्षाचा संकल्प केलाय तो येतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटना आसरा देते ती याच चिकाटीवर.

मुदत बांधून सेवा हे काही नवं खूळही नाही. एकनाथजी रानड्यांनी १९७२ साली सुरू केलेल्या विवेकानंद केंद्रात आयुष्यभरासाठी आलेल्या जीवनव्रतींबरोबर ठराविक काळासाठी येणारे सेवाव्रतीही असतात. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

घोडबंदर_वरून:

विरोध आहे. श्रद्धेने हजेरी येते हे मान्य. पण त्याच श्रद्धेने "नाही" म्हणायची सोय जाते, त्याचं काय?

नोकरीत आठ तास भरले की माणूस निघतो. सेवेत पहाटे साडेचारला काकडा, मग स्वयंपाकघर, दुपारी ऑफिसात पावत्यांची एंट्री, संध्याकाळी सत्संगाची साउंड सिस्टीम, रात्री दहाला सतरंज्या गुंडाळणे. आठवड्याची सुट्टी मागितली की उत्तर तयार, "सेवेत कसली रे सुट्टी?" यावर वाद घालता येत नाही, कारण वाद घातला की कमी पडते ती तुमची निष्ठा.

दुसरं म्हणजे काम सरकत जातं. पोरगा येतो दवाखान्यातल्या पेशंटसाठी. त्याला एक्सेल येतं आणि इंग्रजी मेल लिहिता येतो हे तिसऱ्या आठवड्यात कळतं, आणि दिवाळीपर्यंत तो देणगीदारांची यादी सांभाळत बसलेला असतो. पेशंट राहिले खारघरला.

तिसरं, ऑफ-कॅम्पस ड्राइव्हच्या जाहिराती नीट वाचा. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्या फ्रेशर घेताना पासिंगचं वर्ष बघतात, चालू बॅच किंवा फार तर मागची. वर्षभराने बाहेर आलेला पोरगा ना फ्रेशर, ना अनुभवी.

सेक्टर_बारा_खारघर:

घोडबंदरवाले, काम सरकतं हे शंभर टक्के खरं. पण अन्नसेवेकडे "पोळ्या लाटणं" म्हणून बघू नका. दोनशे माणसांच्या मूगखिचडीचा हिशेब देतो, म्हणजे त्यात वर्षभराचा माणूस कशाला लागतो ते कळेल.

माणशी ६५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम मूगडाळ. म्हणजे १३ किलो तांदूळ, ५ किलो डाळ आणि सरसरीत हवी तर ७० लिटरच्या आसपास पाणी. एकाच टोपात करायला जाऊ नये, खाली लागते आणि वर कच्ची राहते. दोन टोप करावेत. इथवर कोणीही करेल.

चुकतं ते पुढे. पहाटे पाचला शिजवलेली खिचडी एक वाजता वाढायची असते. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. अन्न कोमट झालं की वाढतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून खिचडी वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिली पाहिजे. इन्सुलेटेड डब्यात आधी उकळतं पाणी ओतून तो दहा मिनिटं तापवायचा, पाणी फेकायचं, वाफाळती खिचडी काठोकाठ भरायची. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो. वाढायच्या आधी टोचायच्या थर्मामीटरने मधोमध तापमान घ्यायचं, कडेचं नव्हे. ते वहीत लिहायचं. ६० च्या खाली गेलेली किती वेळ तशी होती हे कोणी सांगू शकत नसेल, तर फेकायची. अन्न फेकणं पाप आहे असं म्हणणारं कोणीतरी तिथे असतंच. त्याला समोर उभं राहून "नाही" म्हणणारा माणूस लागतो.

आणि कोथिंबीर! हौसेने वरून भुरभुरतात. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या पेशंटला कच्चं काही चालत नाही. ना कोथिंबीर, ना काकडीची कोशिंबीर, ना कापून ठेवलेलं फळ. केळं, संत्रं द्यावं, समोर सोलून. तोंड आलेलं असतं त्यांना मिरचीही नको, म्हणून फोडणी दोन वेगळ्या. हे रविवारी येणाऱ्या नव्या माणसाला दर रविवारी नव्याने सांगावं लागतं.

वागळे_इस्टेट:

छान लिहिलंत दादा. पण यात श्रद्धा कुठे लागली? थर्मामीटर लागला.

अन्नसुरक्षेच्या नियमांत अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस सांगितलेली आहे. देवस्थानांच्या प्रसादासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, 'भोग' नावाची योजनाही आहे. सेवेकऱ्यांना लस टोचलेली किती स्वयंपाकघरं दाखवता?

समाजासाठी वर्ष द्यायचंच तर धर्म मध्ये न आणणारी दारं उघडी आहेत. टीच फॉर इंडियाची फेलोशिप दोन वर्षांची, पगारी. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम आहे. तिथे सकाळी कोणाच्या पाया पडावं लागत नाही आणि सीव्हीवर लिहिताना चाचरावं लागत नाही.

कोपरी_पूर्व:

वागळे, तुमच्या यादीतल्या जागा मोजक्या आणि निवडीच्या चाळण्या बारीक. तृतीय श्रेणीत बीकॉम झालेल्या दिवा गावच्या मुलाला तिथे कोण घेतं? गुरुद्वारात लंगरला उभं राहायला मुलाखत नाही. यावरही बोला.

बाकी घोडबंदरवाल्यांची जी अडचण आहे तिच्यावर एक जुना तोडगा आहे, परदेशातला आहे पण इथे लागू पडतो. अमेरिकेतल्या जेझुइट व्हॉलंटिअर कोअरची सुरुवात १९५६ मध्ये अलास्कातल्या एका शाळेपासून झाली. कॉलेज संपलेली मुलं वर्षभर एका घरात चार-सहा जण मिळून राहतात. साधी राहणी, एकत्र राहणं, अध्यात्म आणि सामाजिक न्याय ही त्यांची चार सूत्रं. पण काम कोअरकडे नसतंच! ते दुसऱ्याच संस्थेत असतं, शाळेत, निवाऱ्यात, दवाखान्यात. ती संस्था माणूस मिळाल्याबद्दल कोअरला पैसे भरते, त्यातून मुलांचं राहणं-खाणं आणि थोडा हातखर्च निघतो. कामाचा साहेब वेगळा, प्रार्थनेचा गुरू वेगळा. साहेबाशी भांडलं तर देव रागावत नाही, आणि प्रार्थनेला दांडी मारली तर हजेरीपत्रकावर लाल शेरा पडत नाही.

इथे हेच करा. मुलगा राहू दे मठात, जेवू दे पंगतीत. काम मात्र कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली.

घोडबंदर_वरून:

कल्पना आवडली. पण पैसे कोण भरणार? अमेरिकेत संस्था भरते, आपल्याकडे पालिका रुग्णालय स्वयंसेवकापायी मठाला एक रुपया देणार नाही. मग खर्च मठाचा, आणि ज्याचा खर्च त्याचा हुकूम. फिरून तिथेच आलो.

कोपरी_पूर्व:

आलो खरं. तरी हुकूम लांबून चालवणं आणि एका छपराखाली चालवणं यात फरक आहे.

रुग्णालयात काम काय, तर फळं वाटणं नव्हे, ती वाटणारे चिक्कार. खरी रांग कागदांची. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेशंटला बसवायला रेशनकार्ड आणि आधार लागतं. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नसतं, आधारवर आडनाव माहेरचं. योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र एक, समोर साठ माणसं. कोणता कागद कमी आहे हे रांगेत मागे उभ्या असलेल्याला आधीच सांगणारा मुलगा असेल, तर त्या माणसाची शहापूरहून दुसरी खेप वाचते.

जायचं ठरलं असेल तर हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. जुलैत सुरुवात करणाऱ्याने जानेवारीत पहिला घ्यावा, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मध्यात. निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

सीबीडी_बेलापूर:

सगळे खिचडी आणि लशीवर. मुलींचं काय?

नीट वाचा, कारण बऱ्याच विश्वस्तांनाही हे माहीत नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वयंसेवकांनाही लागू आहे. त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणारी व्यक्ती येते. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवीच. दहाच्या खाली असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीला मुदत तीन महिने. "आमच्याकडे सगळे भाऊ-बहीण आहेत" हे समिती नसल्याचं उत्तर होऊ शकत नाही.

मुलांचे वर्ग किंवा वसतिगृह असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं आणि ते पोलिसांना कळवलं नाही, तर न कळवणं हाच गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर वर्षापर्यंत. "आधी महाराजांच्या कानावर घालू, ते ठरवतील" ही वाट कायद्यात नाही. सेवेकऱ्याने पहिल्या दिवशी विचारावं, समितीवर कोण आहे? भिंतीवर नावं-नंबर लावलेले नसतील तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

पारसिककर:

बेलापूर ताई, हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं. राहून गेलं, चूक माझी.

वागळे, लशीबद्दल तुमचा टोला बरोबर बसला. पण तो स्वयंपाकघर सुधारायचा मुद्दा झाला, बंद करायचा नव्हे.

वागळे_इस्टेट:

बंद करा म्हटलंच नाही. बावीस वर्षांचं पोरगं त्यात वर्षभर कोंबू नका म्हटलं.

आणि 'वर्षभर' या शब्दावर तरी किती विश्वास? मार्च उजाडला की "अजून चातुर्मासापर्यंत थांब", मग "दीक्षेचा विचार कर". परतीची तारीख कोणी सांभाळत नाही. मूळ मार्कशीट आणि आधार ऑफिसच्या कपाटात "सुरक्षित" ठेवलेले असले की निघणं आणखी अवघड.

सेक्टर_बारा_खारघर:

मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून द्यायची. यावर दुमत नसावं.

सीबीडी_बेलापूर:

तारीख सांभाळायची तर रुजू होतानाच एक पानी पत्र घ्या. सुरुवात आणि शेवट तारखेसकट, काम कोणतं आणि कुठे, आठवड्याचे तास, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, हातखर्च किती, मधेच सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, आजारी पडल्यास खर्च कोणाचा. शेवटच्या मुद्द्यावर गफलत होते. आईवडिलांच्या फ्लोटर पॉलिसीत, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र आरोग्यविम्यात, मूल बहुधा पंचविशीपर्यंतच धरतात, तारीख तपासा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो, ते तरी घ्याच. बँक खातं पुरतं.

संपल्यावरचं पत्रही असंच हवं. "यांनी निष्ठेने सेवा केली, प्रभू यांचं कल्याण करो" असलं प्रमाणपत्र पडताळणी करणाऱ्या कंपनीपुढे कवडीमोल. लेटरहेड, न्यासाचा नोंदणी क्रमांक, तारखा, कामाचं वर्णन आणि उत्तर देणारा ईमेल हवा. पासिंगच्या वर्षाची अडचण त्याने जात नाही, घोडबंदरवाले तिथे बरोबर आहेत. पण "गॅपमध्ये काय केलं" याचं उत्तर कागदावर राहतं.

घोडबंदर_वरून:

माझं मत अजून तेच आहे. एवढा कागद देणारी संस्था सापडली तर पाठवावं, आणि तशा फार सापडणार नाहीत. बरं, पत्रावर सही कोणाची? महाराजांची?

सीबीडी_बेलापूर:

विश्वस्ताची. महाराज विश्वस्त नसतील तर त्यांच्या सहीने न्यास बांधला जात नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढा, विश्वस्तांची नावं त्यात असतात. मात्र विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत त्या कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, किंवा वर्षानुवर्षं पडून असतो. त्यामुळे उताऱ्यावरच्या पाचांतले दोघे कधीच वारलेले असू शकतात. सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यात दिसलं नाही तर चेंज रिपोर्टची पोच मागा.