फिलिपिन्समधल्या परदेशी मालिका : बंदी घालून नेमकं कोणाचं भलं होणार?

मनिलाकर

इथे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हा वाद दर काही महिन्यांनी निघतोच, म्हणून म्हटलं आपल्या लोकांचं काय मत पडतं बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या सिनेटमध्ये फिल्म डेव्हलपमेंट कौन्सिल या सिनेमासाठीच्या सरकारी संस्थेच्या बजेटवर चर्चा चालली होती. त्यात सिनेटर जिंगॉय एस्त्राडा म्हणाले की कोरियन मालिका अशाच दाखवत राहिलो तर आपले लोक कोरियन कलाकारांचं कौतुक करत बसणार आणि आपल्या कलाकारांच्या हातचं काम जाणार, त्यामुळे परदेशी मालिकांवर बंदीच आणावी असं कधीकधी वाटतं. माणूस स्वतः सिनेमातला, वडील जोसेफ एस्त्राडा आधी मोठे हिरो आणि नंतर राष्ट्राध्यक्ष, त्यामुळे बोलणं लगेच पेपरात गेलं आणि लोक असे काही तुटून पडले की त्यांना लागलीच खुलासा करावा लागला, वैतागून बोललो, बंदीचा हट्ट नाही वगैरे.

वाद मात्र तिथे संपला नाही. माझं मत स्पष्ट आहे, बंदीची भाषाच चूक आहे आणि प्रेक्षकाला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कारण हे वेड काही नेटफ्लिक्सने आणलेलं नाही. 1996 मध्ये इथे 'मारिमार' ही मेक्सिकन मालिका टागालोगमध्ये (मनिलाकडची भाषा) डब होऊन लागली आणि देश अक्षरशः वेडा झाला, हिरॉइन थालिया मनिलाला आली तेव्हा तुफान गर्दी झाली आणि पुढच्या वर्षी तिने फक्त इथल्या लोकांसाठी टागालोग गाणी असलेला अल्बम काढला. मग 2003 ला तैवानची 'मिटीऑर गार्डन', त्यातली चार पोरं म्हणजे एफ फोर, त्यांची पोस्टरं घराघरात. त्याच सुमारास जीएमए चॅनेलने कोरियन मालिका आणायला सुरुवात केली आणि 2005 मध्ये 'ज्युएल इन द पॅलेस' लागली, राजवाड्यातल्या स्वयंपाकघरातली पोरगी वैद्य होते ती, अजून लोक तिचं नाव काढतात. म्हणजे जवळपास तीस वर्षं झाली. आणि याच काळात इथली स्वतःची इंडस्ट्री मेली का? नाही. 2000 साली सुरू झालेली 'पांगाको सा यो' आशियातच काय, आफ्रिकेतल्या देशांतही विकली गेली.

लोकांना हे आवडतं याचं कारण त्यांना ते परकं वाटतच नाही. मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर यांच्यात 1565 पासून 1815 पर्यंत स्पेनची जहाजं ये-जा करत होती, दोन्हीकडे चर्च, दोन्हीकडे जमीनदार आणि त्याच्या घरातली गरीब पोरगी, त्यामुळे मेक्सिकोची गोष्ट इथे सरळ आत शिरली. कोरियन मालिकेतही आईबापांचा धाक, थोरल्या लेकराने घर ओढायचं, लग्नात पैशावरून होणारा अपमान, हे सगळं इथल्या घरात रोजचं आहे. वर डबिंग. ऑफिसच्या मागच्या कारिंदेरियात (आपली साधी खानावळ, भांडी काचेमागे मांडलेली, बोट दाखवायचं आणि भातावर वाढून घ्यायचं) दुपारी टीव्हीवर कोरियन मालिका चालू असते, वाढणारी आते म्हणजे तिथली सगळ्यांची मोठी बहीण, एका हातात डाव आणि डोळे वर टीव्हीकडे, आणि हिरोला खोकला आला की तिथल्या तिथे मोठ्याने सांगते की आता याला कॅन्सर निघणार बघा. तिने काय गुन्हा केलाय?

कॅमेरामागची

असहमत. आतेने गुन्हा केलाय असं कोणीच म्हणत नाहीये, तुम्ही प्रेक्षकाच्या आवडीबद्दल बोलताय आणि सिनेटर बोलत होता रोजगाराबद्दल, दोन वेगळे विषय आहेत.

मी मुंबईत मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये काम करते म्हणून सांगते. अर्धा तासाचा स्लॉट म्हणजे काय असतं? सेटवाले, लाइटवाले, मेकअप, हेअर, कपडेपट, स्पॉटदादा, जनरेटरवाला, जेवण पुरवणारा, एडिटर, रोजंदारीवरचे ज्युनिअर आर्टिस्ट, ही सगळी माणसं त्या अर्ध्या तासावर जगतात. परदेशी मालिका घेतली की हे काहीच लागत नाही, तयार माल येतो, चार डबिंग आर्टिस्ट बसवले की काम झालं. चॅनेल ती मालिका प्रेमापोटी आणत नाही, स्वस्त पडते म्हणून आणतं. प्रेक्षकांना आवडतं हे चॅनेलला आयतं मिळालेलं कारण आहे.

आणि कोरियाचं कौतुक करताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. त्यांनी जपानी सिनेमा आणि गाण्यांना 1998 पर्यंत दार बंद ठेवलं होतं. थिएटरमध्ये कोरियन सिनेमा वर्षाला 146 दिवस दाखवलाच पाहिजे असा नियम होता, 2006 मध्ये तो निम्म्यावर म्हणजे 73 दिवसांवर आणला. कुंपण घालून रोप वाढवलं, झाड झाल्यावर कुंपण खाली केलं. मग फिलिपिन्सने कुंपणाचं नाव काढलं तर ते मागासलेले कसे?

मनिलाकर

कॅमेरामागची, कोट्याचा मुद्दा योग्य आहे पण तो थिएटरचा होता, आणि कुंपण ही अर्धीच गोष्ट झाली. 1999 मध्ये त्यांनी सांस्कृतिक उद्योगांसाठी वेगळा कायदा करून पैसा ओतला, लेखक तयार केले, बाहेर विकायची यंत्रणा उभी केली. इथे सिनेटर ज्या कौन्सिलच्या बजेटवर बोलत होते तिथे पैसे वाढवून द्या म्हणणं त्यांच्या हातात होतं ना?

आणि रोजगारच म्हणताय तर 2020 आठवा. 5 मे 2020 ला देशातलं सगळ्यात मोठं चॅनेल एबीएस-सीबीएन बंद करायला लावलं, लायसन्सची मुदत संपली म्हणून, आणि 10 जुलैला संसदेच्या कमिटीने 70 विरुद्ध 11 मतांनी नवीन लायसन्स नाकारलं. 11 हजार लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, ऐन कोविडमध्ये. ज्या चॅनेलवर सगळ्यात जास्त लोकल मालिका बनायच्या तेच हवेतून घालवलं. हे कुठल्या कोरियन हिरोने केलं नाही. त्या जखमेबद्दल न बोलता परदेशी मालिकांवर बोट ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं.

दावाओची_मेडिको

मी फिलिपिन्सच्या दक्षिणेला दावाओ शहरात मेडिकल करते, इथे महाराष्ट्रातली बरीच मुलं आहेत. मुद्द्याबाहेरचं वाटेल पण सांगतेच.

2025 च्या फेब्रुवारीत 'मिटीऑर गार्डन'ची हिरॉइन बार्बी शू गेली, फ्लूनंतर न्यूमोनिया झाला जपानमध्ये. आमच्या घरमालकीणबाई सकाळी नेहमीसारख्या खाली झाडत होत्या, लेकीने फोनवर बातमी दाखवली तर झाडू तसाच भिंतीला टेकवून पायरीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या, शेजारची बाई आली, मग दोघी मिळून रडल्या, आणि दिवसभर त्या जुन्या मालिकेचं गाणं, तेही चायनीजमधलं, एकही शब्द कळत नसताना पाठ. कॉलेजात असताना ती मालिका बघायला सगळ्या मैत्रिणी एकाच घरी जमायच्या म्हणे, कारण टीव्ही तिथेच होता. हे वेड बाहेरून लादलंय असं मला तरी म्हणवत नाही.

देरा_दुबई

इकडे गल्फमध्ये माझ्या टीममध्ये अर्धे फिलिपिनो आहेत, नर्सिंग स्टाफ तर विचारूच नका. सगळे फोनवर कोरियन मालिका बघतात, आणि का बघतात विचारलं तर पहिलं उत्तर, संपते. सोळा भाग, फार तर वीस, आणि गोष्ट संपते. त्यांच्याकडची 'आंग प्रोबिन्स्यानो' 2015 ला सुरू झाली ती 2022 च्या ऑगस्टला संपली, जवळपास सात वर्षं, हिरो किती वेळा मरता मरता वाचला याची गणतीच नाही. जाहिराती मिळतायत म्हणून ओढायचं आणि मग प्रेक्षक गेला की परदेशी मालिकांच्या नावाने बोटं मोडायची, नाचता येईना अंगण वाकडं.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, एस्त्राडा बोलले त्याच महिन्यात जीएमएवर 'मारिया क्लारा अॅट इबारा' सुरू झाली होती. आजची एक कॉलेजची मुलगी तिकडचा राष्ट्रनायक लेखक होसे रिसाल याच्या कादंबरीत जाऊन पडते, एकोणिसाव्या शतकात, स्पॅनिश पाद्र्यांच्या राज्यात. रिसाल तिकडे शाळेत सक्तीने शिकवतात, पोरं कंटाळतात, आणि तीच पोरं रोज रात्री या मालिकेवर तावातावाने बोलत होती. आमच्या इथली एक सिस्टर ड्युटी संपवून धावत रूमवर जायची. चांगलं दिलं की लोक आपलं सोडून दुसऱ्याचं बघत नाहीत.

कॅमेरामागची

देरा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अशी मालिका करायला लेखकाला वेळ लागतो, रिसर्च लागतो, कपडेपटाला पैसा लागतो. तो पैसा चॅनेल कधी घालणार? स्लॉट भरायला स्वस्त तयार माल मिळत असेल तर धोका कोण पत्करेल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि ओढाताण म्हणताय ती का होते ते सेटवर जाऊन बघा. रोज टेलिकास्ट, आधी शूट करून ठेवलेले भाग हातात नाहीत, सीन शूटच्या दिवशी लिहून येतो, शिफ्ट संपता संपत नाही. 2019 मध्ये तिकडचे ज्येष्ठ नट एडी गार्सिया, वय नव्वद, मालिकेच्या शूटिंगमध्ये केबलमध्ये पाय अडकून पडले आणि काही दिवसांत गेले. त्यांच्या नावाने कायदा व्हायला 2024 उजाडलं, आठ तासांची पाळी आणि वाढवली तरी चौदा तासांच्या पुढे नाही. नव्वद वर्षांच्या माणसाचा जीव गेल्यावर चौदा तास ही मर्यादा ठरते, यावरून आधी काय चालत असेल याचा अंदाज करा. कोरियन मालिका गुळगुळीत दिसते आणि आमची ओबडधोबड, यात प्रेक्षकाला फरक दिसतो, पण कारण दिसत नाही. आम्ही इकडे तेच भोगतोय म्हणून मला हे टोचतं.

अनघा_प

मधला मार्ग त्यांनी काढलेलाच आहे की. गोष्ट विकत घ्यायची आणि माणसं आपली घ्यायची. 2007 ला जीएमएने 'मारिमार' स्वतः बनवली आणि मारियान रिव्हेरा त्यातूनच मोठी स्टार झाली, हिरो डिंगडाँग दांतेसशी पुढे लग्नही झालं. कोरियन मालिकांवरून 2009 मध्ये 'लव्हर्स इन पॅरिस' आणि 'फुल हाउस', 2020 मध्ये 'डिसेंडंट्स ऑफ द सन', 2024 मध्ये 'सेक्रेटरी किम'. सेट तिथला, युनिट तिथलं, कलाकार तिथले. मग कॅमेरामागचीचा रोजगाराचा मुद्दा सुटतोच ना?

कॅमेरामागची

लाइटवाल्याचा सुटतो, लेखकाचा नाही. रिमेकमध्ये लेखक राहत नाही, मजकूर बदलून देणारा कारकून राहतो. आपल्या मराठी चॅनेलवर बंगाली आणि हिंदी मालिकांवरून घेतलेल्या मालिका किती झाल्या बघा, नवीन लेखकाने स्वतःची गोष्ट घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, हे कुठे चाललंय का आधी? तिकडेही तेच होणार.

बेळगावचा_पाहुणा

आमच्या कर्नाटकात हा प्रयोग करून झालाय म्हणून लिहितो. कन्नड इंडस्ट्रीने 1960 च्या दशकापासून डबिंगला विरोध केला, कायदा नव्हता पण दुसऱ्या भाषेतलं कन्नडमध्ये डब करून दाखवायची कोणाची हिंमत नव्हती. कारणं हीच, आपल्या लोकांचं काम जाईल. 2015 मध्ये काँपिटिशन कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) हा बहिष्कार चूक ठरवला. पण मधल्या काळात काय झालं? लोक तमिळ, तेलुगू, हिंदी थेट त्या भाषेतच बघायला शिकले आणि निर्माते रिमेकवर रिमेक करत राहिले. बंदीने लेखक तयार झाले असं काही मला दिसलं नाही. नुकसान झालं ते ज्यांना फक्त कन्नड येतं त्यांचं.

कॅमेरामागची

बंदी मी कधीच मागितली नाही, परत वाचा. माझं म्हणणं एवढंच की परदेशी मालिका दाखवा, पण दर तासामागे चॅनेलने काही रक्कम भरावी आणि ती फक्त नव्या लोकल मालिकांच्या लेखनाला आणि पायलटला म्हणजे पहिल्या नमुना भागाला जावी. तिकडे मनिलाच्या फिल्म फेस्टिव्हलला नाताळात थिएटरमध्ये फक्त फिलिपिनो सिनेमे लागतात, 1975 पासून चालू आहे, कोणी त्याला हुकूमशाही म्हणत नाही. आपल्याकडे 2015 मध्ये मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमा प्राइमटाइमला दाखवायला लावलं तेव्हाही केवढी ओरड झाली होती. टीव्हीने आपल्या माणसांसाठी थोडी जागा राखली तर बिघडलं कुठे?

मनिलाकर

पैसे भरण्याची कल्पना मला मान्य आहे, पण ती आता चॅनेलला लावून उपयोग किती? 'क्रॅश लँडिंग ऑन यू' इथे लोकांनी टीव्हीवर बघितली नाही, नेटफ्लिक्सवर बघितली, आणि 2020 मध्येच त्यातल्या हिरो-हिरॉइनला इथल्या मोबाइल कंपनीने जाहिरातीत घेतलं. अशी रक्कम लावायची तर नेटफ्लिक्सला लावा. अडचणीतल्या चॅनेलवर अजून ओझं टाकलं तर ते लोकल मालिकाच आधी बंद करतील, कारण महाग तीच आहे.

दावाओची_मेडिको

मनिलाकर बरोबर बोलतायत. आमच्या घरमालकीणबाईंकडे नेटफ्लिक्स नाही, अँटेना लावून फुकट दिसतं तेवढंच. चॅनेलवर काहीही निर्बंध आले तर पहिला फटका त्यांना, फोनवर पैसे भरून बघणाऱ्यांना कोण अडवणार? आणि अजून एक. इथली भाषा बिसाया आहे. प्राइमटाइमच्या मोठ्या मालिका सगळ्या मनिलात, टागालोगमध्ये बनतात, त्यात बिसाया बोलणारी असलीच तर बहुतेक घरकाम करणारी बाई असते आणि तिच्या उच्चारांवर हशा. बाई म्हणतात, कोरियन बाई टागालोग बोलते आणि मनिलाची बाई पण टागालोग बोलते, मला दोन्ही सारख्याच लांबच्या, पण कोरियन मला हसत तरी नाही. स्लॉट कोणासाठी राखणार ते आधी ठरवा.

कॅमेरामागची

हे मला माहीत नव्हतं आणि मनापासून वाईट वाटलं. पण मग पैसा उभा राहिलाच तर त्यातला ठरावीक हिस्सा दावाओ आणि सेबू या बिसाया बोलणाऱ्या शहरांना मिळावा, मालिका तिथेच शूट व्हावी, तिथल्या भाषेत व्हावी, असं मागायला हवं. तुमच्या बाईंना कोरियन मालिका बघू द्या की, रोज बघू द्या. पण त्यांच्या बोलीतली हिरॉइन त्यांना एकदाही बघायला मिळाली नाही हे कोरियाने भरून काढायचं काम नाही, आणि मनिलाकर, नेटफ्लिक्सकडून पैसे घ्यायचे कसे यावर तुम्ही लिहा, तिथे असताना कायदा काय सांगतो ते तुम्हाला बघता येईल.