दुसऱ्याला काय आवडतं, हे बाळाला कधी कळतं?

झोपमोड_आई: लेक दीड वर्षाची. परवापर्यंत अर्धं चावलेलं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबायची. काल मी तोंड वाकडं केलं, तर तिने ते मागे घेतलं, टक लावून पाहिलं आणि मला गाजर दिलं! स्वतः ती गाजर थुंकून टाकते. योगायोग, की खरंच काही कळलं असेल?

मनकवडा: कळलं असेल. मानसशास्त्रज्ञ बेट्टी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गोपनिक यांनी १९९७ साली जवळपास हेच तपासलं होतं. प्रयोग करणारी व्यक्ती मुलासमोर ब्रोकोली मिटक्या मारत खायची, खारी बिस्किटं मात्र 'ईऽऽ' करत, आणि मग हात पुढे करायची. १४ महिन्यांची मुलं बहुतेक वेळा बिस्कीटच द्यायची, कारण ते त्यांना स्वतःला आवडायचं. १८ महिन्यांची मात्र ब्रोकोली द्यायची. (मला कोणी मिटक्या मारून दाखवल्या तरी ब्रोकोली घशाखाली उतरत नाही, ते सोडा.)

तिरकस: म्हणजे आता लेक आईला फसवायला मोकळी?

मनकवडा: जरा थांबा. आवड ओळखणं सोपं. समोरच्याची समजूत चुकीची आहे हे ओळखणं अवघड. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८३ च्या प्रयोगात मुलांना एक गोष्ट सांगतात: माक्सी नावाचा मुलगा बाहेर गेल्यावर आई त्याचं चॉकलेट दुसऱ्या कपाटात हलवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा नवं कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी बरीच जण बरोबर, म्हणजे जुनं कपाट, सांगू लागतात.

झोपमोड_आई: आत्ताच गाजराला मुद्दाम नाक मुरडून पाहिलं. तिने गाजर आणि बिस्कीट, दोन्ही जमिनीवर फेकलं.