मदत हवी आहे: जागा कमी पडतेय की घराचा नकाशाच चुकलाय?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते. थोडक्यात विचारलं की सगळे "अडगळ काढा" एवढंच सांगतात, आणि अडगळ काढून झाली आहे. दोन कपाटं गेली, एक दिवाण गेला, तरी घरात चार माणसं एकाच वेळी उठली की कोणीतरी भिंतीला चिकटून उभं राहतंच.

घर साधारण ५३० चौरस फूट कार्पेट. मुख्य दारात उभं राहून आत बघताय असं समजा. हॉल १६ फूट लांब, १० फूट रुंद. तुम्ही उभे आहात ते दार १० फुटी भिंतीच्या डाव्या टोकाला आहे. उजव्या लांब भिंतीत मोठी खिडकी, डाव्या लांब भिंतीत मधोमध स्वयंपाकघराचं दार. स्वयंपाकघर ८ बाय ९. समोरच्या भिंतीत अगदी उजव्या टोकाला ३ फुटांची मोकळी चौकट आहे, तिच्यातून पॅसेजमध्ये जायचं. पॅसेज त्या भिंतीच्या मागे आडवा, सव्वातीन फूट रुंद आणि १२ फूट लांब. त्याला लागून शेजारी शेजारी दोन बेडरूम, प्रत्येकी ९ बाय ११. पॅसेजच्या डाव्या टोकाला बाथरूम. उजव्या टोकाला बाहेरच्या भिंतीत एक लहानशी खिडकी आहे. तिचा उपयोग काय ते मला अजून कळलेलं नाही. तिच्याखाली इस्त्रीचं टेबल घडी करून ठेवतो.

आम्ही दोघं, मुलगी (वय १४), आणि आता सासूबाई कायमच्या आमच्याकडे. त्या आणि मुलगी एका खोलीत. माझं काम आठवड्यातले चार दिवस घरून चालतं आणि ते होतं जेवणाच्या टेबलावर. दिवसातून तीनदा लॅपटॉप, वायरी, कागद उचलायचे, टेबल पुसायचं, जेवणं झाली की पुन्हा मांडायचं. कॉल चालू असताना मागून कोणी गेलं नाही असा एकही दिवस नाही.

माझा विचार: हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडून सगळं एक करायचं. मोकळं होईल, कोपऱ्यात मला टेबल लावता येईल. नवरा म्हणतो, भिंत पाडल्याने जागा वाढत नसते, धूळ वाढते. तुम्हाला काय वाटतं? कोणी असं केलंय का?

उंबरठा

भिंत कसली आहे ते आधी सांगा. इमारत कॉलम-बीमची असेल आणि भिंत साडेचार इंची असेल तर बहुतेक ती नुसती आडभिंत असते. जुनी, भिंतींवरच स्लॅब टेकलेली इमारत असेल तर आतली भिंतही भार घेत असू शकते. ठोकून आवाजावरून ठरवू नका, गिलाव्याच्या आत काय आहे ते आवाज सांगत नाही. इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा मिळवा.

मूळ प्रश्नकर्ती

कॉलम-बीमचीच आहे. नकाशा मिळाला. स्वयंपाकघराची भिंत साडेचार इंची, पॅसेज आणि हॉलमधलीही साडेचार इंची. बेडरूमच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची.

खुलाखुला

पाडा हो बिनधास्त! आम्ही पाडली, घर दुप्पट वाटायला लागलं. सोबत घडीचं टेबल आणि भिंतीत जाणारा पलंग करून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

घडीच्या फर्निचरचा अनुभव घेऊन झालाय. एका डिझायनरने मागे सुचवलेलं, भिंतीला लावलेलं घडीचं टेबल. पहिला महिना रोज मिटलं. दुसऱ्या महिन्यापासून त्यावर इतकं सामान साठलं की ते मिटायचंच बंद झालं. रोज उचलून ठेवावं लागणारी वस्तू आमच्या घरात टिकत नाही, हे आता मान्य केलंय.

मोजपट्टी

भिंतीला हात लावायच्या आधी दोन गोष्टी.

एक, तुमचं स्वयंपाकघर ७२ चौरस फूट आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं ते १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, म्हणजे जवळपास ७० चौरस फूट. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यापुढे ठेवून, बाई दिवसभरात किती पावलं टाकते ते मोजून त्यांनी ते बसवलं. त्यांनीही भिंत ठेवली, फक्त मधलं दार सरकतं केलं. सांगायचा मुद्दा, ७२ फूट कमी नाहीत. भिंत पाडलीत तर ओट्यासमोरची कपाटं टेकवायची जागा जाईल आणि मिक्सरचा आवाज थेट तुमच्या कॉलवर येईल. तुमची अडचण स्वयंपाकघरात नाहीच, असं मला तुमचं वर्णन वाचून वाटतंय.

दोन, वाटा काढा. आलेख कागदावर १ इंच म्हणजे २ फूट धरून घर काढा आणि चार दिवस प्रत्येक जण कुठून कुठे जातो त्याच्या रेघा मारा. चौघांना चार रंग. बर्लिनमध्ये अलेक्झांडर क्लाइन हे वास्तुरचनाकार १९२८ च्या सुमारास नेमकं हेच करत होते. दोन नकाशे शेजारी ठेवायचे, दोन्हींत माणसांच्या वाटा आखायच्या आणि कुठे त्या एकमेकींना कापतात ते बघायचं. क्षेत्रफळ तेवढंच असूनही एका घरात गुंता होतो, दुसऱ्यात होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

कागदाऐवजी फरशीवरच केलं. मुलीने खडू घेतले, सुट्टीचे दोन आणि कामाचे दोन दिवस. सासूबाईंना आधी हा पोरखेळ वाटला, दुसऱ्या दिवशी "माझी रेघ राहिली" म्हणून त्याच आठवण करत होत्या.

जे दिसलं ते लिहिते. मुख्य दारापासून पॅसेजच्या चौकटीपर्यंत हॉलमधून तिरका एक पट्टा, इतक्या रेघा की खालची फरशी दिसेना. सोफ्याच्या हाताचा एक कोपरा कायम झिजतो. वर्षभरापूर्वी कापड बदललं तरी तिथे पुन्हा दोरे निघालेत. मला वाटायचं कापड हलकं. तो कोपरा बरोबर त्या पट्ट्यात येतो, जाणारा प्रत्येक जण तिथे मांडी घासून जातो. आणि माझी जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागे ओढली की ती पट्ट्यात एक फूट आत जाते.

पॅसेजच्या उजव्या टोकाला, इस्त्रीच्या टेबलापाशी, एकही रेघ नाही. चौकटीतून शिरतो आणि लगेच डावीकडे वळतो.

मोजपट्टी

आता गणित बघा. मुख्य दाराच्या मध्यापासून चौकटीच्या मध्यापर्यंत तिरकं अंतर साडेसतरा फूट. चालायला ३ फूट रुंदी धरली तर ५२ चौरस फूट. तुमच्या १६० फुटांच्या हॉलचा तिसरा हिस्सा ही वाटच आहे.

आता ती चौकट भिंतीच्या उजव्या टोकावरून डाव्या टोकाला न्या. वाट डाव्या भिंतीच्या कडेने सरळ जाईल, स्वयंपाकघराचं दारही तिच्यावरच येईल. १६ गुणिले ३, म्हणजे ४८. वाचले अवघे चार चौरस फूट, त्यामुळे आकडा बघून कोणी हे करणार नाही. फरक उरलेल्या जागेत आहे. आज वाटेच्या दोन बाजूंना दोन त्रिकोण उरतात, आणि त्रिकोणात सोफाही नीट बसत नाही, टेबलही नाही. चौकट हलवलीत तर ७ बाय १६ चा एकसंध तुकडा मिळतो, खिडकीसकट, ज्याच्यातून कोणीही जात-येत नाही.

बेडरूमची दारं पॅसेजमध्ये नेमकी कुठे आहेत?

मूळ प्रश्नकर्ती

उजव्या टोकापासून मोजलं. आमच्या खोलीचं दार ५ फुटांवर सुरू होतं, अडीच फुटांचं आहे. मग दोन फूट भिंत. मग साडेनऊ फुटांवर दुसऱ्या खोलीचं दार, तेही अडीच फुटांचं. दोन्ही आत उघडतात.

थांबा. म्हणजे चौकट हलवली तर पॅसेजचे उजवीकडचे ५ फूट कोणाच्याच वाटेत येत नाहीत?

मोजपट्टी

तेच सांगणार होतो. जुनी चौकट बंद केली की तिथे सव्वातीन फूट रुंद आणि साडेचार-पाच फूट खोल कोनाडा तयार होतो. त्या 'निरुपयोगी' खिडकीखाली २ फूट खोलीचं टेबल, मागे अडीच फूट खुर्चीला. कॉलवर तुमच्या मागे आडवा पॅसेज दिसेल, म्हणून खुर्चीच्या पाठीशी एक पडदा लावा. इतकं लहान ऑफिस बघून नाराज होऊ नका, रोज उचलावं लागणार नाही हे महत्त्वाचं.

उंबरठा

कल्पना चांगली आहे, पण फोडायच्या आधी हे बघा. त्या भिंतीवर हॉलचा स्विचबोर्ड आहे का? असेल तर त्याच्या वायरी बहुतेक वरून, स्लॅबकडून खाली येतात. नवी चौकट तिथेच येत असेल तर बोर्ड हलवावा लागेल, आणि तो आधी हलवायचा, फोडल्यावर नाही. नव्या चौकटीवर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, लागेल, साडेचार इंची भिंत असली तरी. वरच्या विटा हवेत राहत नाहीत. डाव्या कोपऱ्यात कॉलम आहे का तेही बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन बघावं आणि इमारतीची लेखी परवानगी घ्यावी. गवंडी म्हणेल "काही नाही होत". त्याचं ऐकून सुरुवात करू नका.

आणि बाथरूमचं दार. चौकट डावीकडे नेली की ते हॉलमधून दिसेल का?

मूळ प्रश्नकर्ती

सगळं तपासलं, क्रमाने सांगते.

स्विचबोर्ड बरोबर मधे, म्हणजे थोडक्यात वाचला. डाव्या कोपऱ्यात कॉलम आहे, हॉलच्या आतल्या बाजूने ९ इंच व्यापतो, त्यामुळे चौकट तेवढी उजवीकडे घ्यावी लागेल. त्या टोकाला वाट थोडी वाकेल, चालण्यासारखी आहे.

बाथरूमचं दार पॅसेजच्या टोकाच्या भिंतीत, उजवीकडे तोंड करून आहे. मुलगी मुख्य दारात सुतळी धरून उभी राहिली, मी नव्या चौकटीच्या जागी खुणा केल्या. दारातून सरळ बघितलं तर दोन बेडरूमच्या दारांमधली भिंत आणि आमच्या खोलीच्या दाराचा फूटभर भाग दिसतो. बाथरूम दिसत नाही. आमचं दार लोटून ठेवू, त्यात काय.

इंजिनिअर येऊन गेले. भिंत भार घेत नाही, चौकट करायला हरकत नाही असं लेखी देतायत. परवानगीचा अर्ज दिला.

सोफा आणि टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रं कापून सात फुटांच्या पट्ट्यात अंथरली. टेबल खिडकीला लावलं तर चारही खुर्च्या बसत नाहीत, एक बाजू जाते. भिंतीपासून अडीच फूट सोडून ठेवलं तर बसतात, पण मग सोफ्याला वाटेचा थोडा भाग घ्यावा लागतो. हे अजून चाललंय.

दोनजिने

मधेच बोलते. घरात वयस्कर माणूस आहे ना? मग गवंडी घरात आलाच आहे तर बाथरूमचं दार मोजून घ्या. आमच्याकडे ते २ फूट ३ इंचांचं होतं, आणि पुढे चाकाची खुर्ची आली तेव्हा ती आत जाईना. मोकळी रुंदी निदान ३२ इंच हवी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. सरकत्याला बाजूला तेवढीच रिकामी भिंत लागते, आणि आवाज अडत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

आमचंही २ फूट ३ इंचच निघालं. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, यादीत टाकलं. दुसऱ्या खोलीचं दार बाथरूमला खेटून आहे, त्यामुळे बाहेर उघडणारं दार त्याच्या समोर येईल. टोकाची भिंत सव्वातीन फुटांची, सरकतं बसायला बाजूला भिंतच नाही. बाहेर उघडून दुसऱ्या खोलीकडच्या भिंतीवर न जाता हॉलच्या बाजूच्या भिंतीवर टेकेल अशी बिजागरी लावायची, असं सध्या ठरलंय.

शेवटचा एक प्रश्न. जुनी चौकट कशाने बंद करू? सुतार म्हणतो, हॉलच्या बाजूने पुस्तकांचं कपाट बसवा, मागे प्लाय, भिंत हवी कशाला. जागा वाचेल, खर्चही वाचेल. पलीकडे मी कॉलवर असणार.

मोजपट्टी

मग प्लाय नको. आवाज वजनाने अडतो, पातळ प्लाय पडद्यासारखी वागते. ब्लॉकने चार इंची बांधून घ्या, सांध्यात फट राहू देऊ नका, दोन्हीकडून गिलावा. त्याच्यापुढे हॉलच्या बाजूने १० इंच खोलीचं उथळ कपाट लावा, पुस्तकांना तेवढं पुरतं. आणि बंद करायच्या आधी त्या कोनाड्यात टेबलाच्या उंचीवर दोन प्लग पॉइंट काढून घ्या, नंतर आठवतं.