चिठ्ठ्यांच्या पेटीतले प्रश्न: वयात येणाऱ्या मुलामुलींना नेमकं काय सांगायचं?

फळा_खडू

सातवी-आठवीच्या वर्गांत नाव न घालता चिठ्ठी टाकायची पेटी ठेवली आहे. शनिवारी उत्तरं द्यायची आहेत. "घाबरू नका, हे नैसर्गिक आहे" असं म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि तशीच घाबरलेली घरी जातात, म्हणून नेमकी माहिती हवी आहे. चिठ्ठ्या त्यांच्याच शब्दांत देते.

१) मुलगा: डाव्या छातीत गाठ आलीय, शर्ट घासला तरी दुखते. कॅन्सर आहे का?
२) मुलगा: रात्री चड्डी ओली होते. ताकद जाते का?
३) मुलगी: दिवाळीत पाळी आली, मग दोन महिने आलीच नाही.
४) मुलगी: वर्गात सगळ्यांना आली, मलाच नाही.
५) मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की पुटकुळ्या जातात, बंद केली की डबल येतात.

स्टेथो_आणि_चष्मा

ताई, पहिल्या चिठ्ठीचं उत्तर सगळ्यात आधी द्या. तो मुलगा रोज अंथरुणात ती गाठ चाचपून बघत असणार, आणि सारखं दाबल्यानेच ती जास्त दुखते.

वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांना अशी गाठ येते. स्तनाग्राच्या बरोबर खाली, नाण्याएवढी, रबरासारखी, हाताला हलणारी. कधी एकाच बाजूला, कधी दोन्हीकडे. मुलांच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) असतंच. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) पुरतं वाढेपर्यंत या दोघांचं प्रमाण काही काळ डळमळतं, तेवढ्यात ही गाठ धरते. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप विरते, औषध लागत नाही. डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगा: गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, दगडासारखी टणक किंवा स्तनाग्रापासून बाजूला असेल, त्यातून पाणी येत असेल, दोन वर्षांनंतरही तशीच असेल, किंवा वयात येण्याची बाकी काहीच खूण नसताना आली असेल तर. आणि कबड्डीच्या तासाला बनियन काढायची सक्ती कुणावर करू नका, अर्धी भीती चिडवण्याची असते.

दुसऱ्या चिठ्ठीसाठी 'स्वप्नदोष' हा शब्दच वापरू नका. त्यातला 'दोष' मुलाच्या डोक्यात रुतून बसतो. झोपेत वीर्य बाहेर येतं, एवढं साधं म्हणा. कुणाला आठवड्यातून एकदा होतं, कुणाला महिन्यातून, कुणाला कधीच नाही, तिन्ही ठीक. "एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त" हे साफ खोटं आहे. वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतला द्रव असतो, एका वेळी चमचाभर, आणि तो पुन्हा तयार होत राहतो. एसटी स्टँडच्या भिंतींवर ज्या 'कमजोरी'च्या जाहिराती असतात, त्यांचं गिऱ्हाईक हीच घाबरलेली मुलं. सकाळी चड्डी बदलायची, पाण्याने धुवायचं, झालं. लघवीला जळजळ होत असेल किंवा रक्त दिसत असेल तर मात्र दाखवायचं.

पीएचसी_सिस्टर

पाळीच्या चिठ्ठ्यांवर लिहिते. आधी मोजायचं कसं ते शिकवा, कारण गोंधळ तिथेच होतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. मुली बऱ्याचदा रक्त थांबल्यापासून मोजतात. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि एक फुली पुरते.

पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी चालतं. अगदी सुरुवातीला एखादा महिना गळणंही नवीन नाही. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे अजून बसलेले नसतात, त्यामुळे दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. बीज नाही पडलं की गर्भाशयाचं अस्तर साठत राहतं आणि उशिरा, कधी जास्त प्रमाणात निघतं. तीन महिने उलटले तरी आली नाही तर दाखवा.

रक्तस्राव २ ते ७ दिवस. सगळे दिवस मिळून साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पॅडवर पसरल्यामुळे ते वाटीभर वाटतं. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा आठवडा उलटूनही थांबत नसेल, तर "नवीन आहे, होतं असं" म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन तपासायचं, आणि पहिल्या पाळीपासूनच असं असेल तर रक्त गोठण्याची तपासणीही विचारायची.

शाळेत खरी चूक वेगळीच होते. संडासाला कडी नसते म्हणून मुली पाणी पीत नाहीत आणि सकाळचा पॅड संध्याकाळपर्यंत ठेवतात. त्याने जांघेत पुरळ येतं, लघवीला त्रास होतो. पॅड ४ ते ६ तासांनी बदलायलाच हवा. कापड वापरत असतील तर गार पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं, परकराखाली लपवून नाही.

चौथ्या मुलीला विचारा, छातीला गाठीसारखं कधी जाणवायला लागलं? तिथून पाळीला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. पाळीच्या आधी ६ ते १२ महिने पांढरं पाणी जायला लागतं. वास आणि खाज नसेल तर तो रोग नाही. आईला कोणत्या वर्षी आली हाही चांगला अंदाज. १३ व्या वर्षापर्यंत छातीची वाढच नसेल, किंवा १५ पर्यंत पाळी नसेल, तर तपासणी.

एक जोड: शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. जेवून घ्यायची, त्यावर लगेच चहा नको. शी काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर पुढची चिठ्ठी त्याचीच येईल.

मुरुमशास्त्री

पाचव्या चिठ्ठीतली ट्यूब मागवून तिच्यावरचं नाव वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉईड आहे. लाली दबते, पण कातडी पातळ होते आणि बंद केल्यावर दुप्पट उसळी येते. महिनोन्‌महिने लावली असेल तर बंद कशी करायची ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा.

साध्या पुटकुळ्यांना २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. रात्री, वाटाण्याएवढं, फक्त पुटकुळीवर नाही तर त्या सगळ्या भागावर, सुरुवातीला एक दिवसाआड. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. मुलं चौथ्या दिवशी कंटाळून सोडतात. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात, जुने वापरा. फोड फक्त कपाळावरच असतील तर आधी केसांचं तेल कमी करून बघा. लिंबू आणि टूथपेस्ट अजिबात नको.

फळा_खडू

खूप उपयोग झाला. अजून दोन विचारते. मुलांना पाळीबद्दल सांगायचं का? आणि प्रार्थनेला गाणाऱ्या एका मुलाचा आवाज मध्येच चिरकतो, बाकीचे हसतात.

स्टेथो_आणि_चष्मा

प्रश्न विचारताना वेगळे बसवा, माहिती मात्र दोघांना सारखीच द्या. माहीत असलेला मुलगा डाग बघून हसत नाही.

आवाजाचं म्हणाल तर घशाची पेटी मोठी होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि त्यांच्यावर ताबा यायला वेळ लागतो. चिरकणं साधारण काही महिने ते वर्षभर चालतं. घसा बसलाय समजून काढे पाजायचे नाहीत, आणि जुन्या पट्टीत ओढून गायला लावायचं नाही. त्याला गाण्यातून काढू नका. तेवढे महिने खालच्या पट्टीत गाऊ द्या, नाहीतर पेटीवर बसवा.